पाठपोट कुटुंब

प्रत्येक घराण्याच्या इतिहासात असा एक क्षण येतो, की माणसाचा हात थांबतो आणि पुढचं काम नियती आपल्या हातात घेते. आमच्या घराण्यात तो क्षण दुपारच्या जेवणानंतर आला. नियतीच्या मुठीत मार्कर नीट बसेना, म्हणून आधी तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंबावा लागला.

नियती म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या कारखान्यातलं सीएनसी मशीन. कारखाना हा दादाचा शब्द. बाकीचे लोक शेड म्हणतात. तिथे दारं होतात. दोन पलंग जोडून ठेवावेत एवढं लोखंडी टेबल, त्यावर पुढे-मागे सरकणारी कमान, कमानीवर डावी-उजवीकडे धावणारं डोकं आणि त्या डोक्याखाली एकुलता एक दात. कॉम्प्युटर सांगेल तिथे तो दात लाकडात घुसतो आणि वेलबुट्टी कुरतडत जातो. मशीन दादाच्या मालकीचं आहे आणि ते वहिनीचं ऐकतं. आमच्या घरातली बाकीची व्यवस्थाही साधारण अशीच आहे.

हे मशीन का घेतलं याची कारणं दादा लोकांना वेगवेगळी सांगतो. खरं कारण आमचे वडील. अप्पांनी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली आणि दुर्दैवाने दादा त्यांच्याच वर्गात होता. पोटच्या पोराला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून त्यांनी त्याला वर्गात सगळ्यांत कमी गुण दिले. त्याहून वाईट हे, की ते बरोबर होते. "पट्टी लावूनही ज्याची रेघ वाकडी येते," अप्पा भर वर्गात म्हणाले होते, "तो एक तर थोर कलावंत असतो, नाही तर गाढव. आणि आपल्या घरात कलावंत एक आहे, तेवढा पुरे." वर्ग हसला. दादाही हसला. मग मोठा होऊन त्याने अशी एक वस्तू आणली, जिची रेघ जन्मात वाकडी जात नाही.

अप्पा ती बघायला आले नाहीत. "कोरतं ते. काढत नाही," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. संध्याकाळी फिरायला जाताना शेड वाटेतच लागते. तिथे आलं की ते रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने जात. पलीकडचा फुटपाथ उखडलेला आहे आणि तिथे एक कुत्रा राहतो, ज्याचं अप्पांविषयीचं मत चांगलं नाही. इतक्या वर्षांत अप्पांनी कुत्र्याशी जमवून घेतलं, मशीनशी नाही.

दादाला, म्हणजे पन्नाशी उलटलेल्या, केस पांढरे झालेल्या, चार माणसांत मान असलेल्या गृहस्थाला, आयुष्यात एकच गोष्ट मिळायची राहिली होती. अप्पांनी एकदा आत यावं, मशीनसमोर उभं राहावं आणि काहीतरी म्हणावं. वाहवाच करायला हवी असं नाही. अप्पांच्या स्तुतीची कमाल मर्यादा "बरं आहे" ही होती, आणि तिथपर्यंतही आजवर फक्त एक विद्यार्थी पोचला होता. तो पुढे दंतवैद्य झाला.

"त्यांचंच चित्र काढू," वहिनी म्हणाली. "दुसऱ्याचं काढलं तर नावं ठेवतील. स्वतःच्या चित्राला काय नावं ठेवणार?"

"ठेवतील," दादा म्हणाला. पण त्याचे डोळे चमकले होते.

त्यांचं चित्र म्हणजे घराच्या खिडकीत अडकवलेलं, लाकडी चौकटीतलं, पाठपोट काढलेलं आमचं कुटुंब. एका बाजूने आम्ही जुन्या घराच्या दारात समोरून उभे: ताठ मानेचे अप्पा, शेजारी आई, आईच्या खांद्यावर दुपट्याचं गाठोडं म्हणजे मी, आणि पुढे हात मागे बांधलेला सालस दादा. मागे बंद दार. चित्र उलटं केलं की तीच माणसं, त्याच जागी, पाठमोरी: अप्पांच्या डोक्यावर टक्कल नुकतंच उगवू लागलेलं, आईचा अंबाडा, पलीकडे उन्हातलं अंगण, आणि सालस दादाच्या मागे बांधलेल्या हातांत बेचकी. या बाजूला चेहरा एकट्या माझाच, कारण मी आईच्या खांद्यावरून मागे बघतोय. सगळं कुटुंब पाठ फिरवतं तेव्हा मी लोकांसमोर येतो. पुढेही घरात साधारण तसंच चालत राहिलं.

अप्पांनी ते काचेला कागद लावून काढलं होतं. पुढच्या माणसांची कड आणि मागच्या माणसांची कड एकच, केसाचा फरक नाही. "चित्राला पाठ असतेच," ते वर्गात सांगायचे, "लोक ती काढायचा कंटाळा करतात एवढंच." पण शाई हलकी होती आणि खिडकी उन्हाची. रंग बघता बघता उडाले. माझ्या आठवणीत तरी त्या चित्रातले आम्ही सगळे पातळ चहात बुचकळून काढल्यासारखेच आहोत.

दादा पहाटे चित्र न्यायला गेला तेव्हा अप्पा झोपले होते. "ने," आई म्हणाली, "पण मला विचारून नेलंस असं मी म्हणणार नाही."

वहिनीने दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर एकेक रेघ गिरवली. रंगांचा प्रश्न होता. चौकट काढल्यावर तिच्या खाचेत दबलेली कड मात्र शाबूत निघाली: पुढच्या बाजूला निळी, मागच्या बाजूला पिवळी. म्हणजे दार निळं, अंगणातलं ऊन पिवळं.

"तुमच्या जुन्या घराचं दार निळं होतं?" वहिनीने विचारलं.

"असेल," दादा म्हणाला. "जे आहे ते काढ. आपण सुधारणा करायला गेलो आणि त्यांना कळलं, तर मेलोच."

बाकीचे रंग आईने फोनवर सांगितले. स्वतःच्या कपड्यांना डाळिंबी, दादाला करडा, आणि अप्पांना, तिच्या शब्दांत, "जे उरलं असेल ते."

कागद चालणार नव्हता. मार्करची शाई आरपार उतरते. वहिनीने दुधी प्लास्टिकची मोठी पातळ शीट आणली, जिच्यातून उजेड जातो पण शाई जात नाही. शीटच्या चारही कोपऱ्यांत भोकं पाडली आणि टेबलावर नेमक्या त्याच जागी लाकडी खुंट्या ठोकल्या. एक बाजू झाली की शीट उचलायची, उलटायची आणि पुन्हा त्याच खुंट्यांवर बसवायची, म्हणजे मागची रेघ पुढच्या रेघेवर येते. दात काढला आणि त्याच्या जागी मार्कर बसवला. मलाही जबाबदारी मिळाली.

"भाऊजी, ही स्पिरिटची बाटली धरा."

"कशाला?"

"चुकलं तर पुसायला."

"आणि नाही चुकलं तर?"

"तर नुसती धरा."

मशीन सुरू झालं आणि मी बाटली धरून उभा राहिलो. खरं सांगायचं तर माझी अपेक्षा फारशी नव्हती. मार्कर वर-खाली होईल, रेघा पडतील, आपण मान डोलवू, चहा येईल. पण कमान हलली, फिकट गुलाबी मार्कर शीटवर टेकला, आणि मी मान डोलवायला विसरलो.

ते माणसासारखं काढतच नव्हतं. माणूस आधी डोकं काढतो, मग धड, मग हातपाय. निदान कुठून तरी सुरुवात करतो. या गृहस्थाला सुरुवात नव्हती. इथे एक डाग, तिथे एक पट्टी, पार त्या टोकाला एक टिकली. पुन्हा मध्ये येऊन शेजारी शेजारी बारीक रेघा, इतक्या समान की डोळे मिटून घ्यावेसे वाटावेत. गुलाबी संपला. वहिनीने मार्कर बदलला, टोकाखाली कागदाचा कपटा धरून टोक त्याला जेमतेम टेकेपर्यंत खाली आणलं, कारण प्रत्येक मार्करची उंची वेगळी. मग करडा. मग डाळिंबी. मग निळा, जो कितीतरी वेळ एखाद्या शेतकऱ्याने नांगर धरावा तसा या काठापासून त्या काठापर्यंत जात-येत राहिला, आणि मधे चार रिकाम्या आकृत्या सोडत गेला. त्याने आम्हाला काढलं नव्हतं. आमच्याभोवतीचं सगळं काढून आम्हाला शिल्लक ठेवलं होतं.

"बघ," दादा माझ्या कानात म्हणाला. मी बघतच होतो.

शेवटी काळा आला, आणि त्याच्या पाठोपाठ अप्पा.

"माझं चित्र कुठाय?"

शेडच्या दारात अप्पा उभे. मागे धापा टाकत आई, हातात चहाचा थर्मास. एवढ्या गडबडीत तिने चहा करून भरून घेतला होता, म्हणजे चहा झाल्यावरच तिने त्यांना चित्राचा पत्ता सांगितला होता, हे आम्ही समजलो. अप्पा तरातरा आत आले. रागावलेला माणूस आपण कुठल्या दारातून आत आलो हे बघत नाही. दादाचं तोंड उघडं राहिलं. ज्या क्षणाची त्याने इतकी वर्षं वाट पाहिली तो आला होता, आणि त्यात तो चोर होता.

"कॉम्प्युटरच्या टेबलावर आहे, अप्पा, अगदी सुखरूप," वहिनी म्हणाली. "आणि दुसरं इथे होतंय."

अप्पांनी मशीनकडे पाहिलं. काळा मार्कर त्यांच्याच डाव्या कानाला वळसा घालत होता. कान पुरा झाला. मार्कर उचलला गेला, सरकन खाली आला आणि दादाच्या बुटाची नाडी काढू लागला. तिथून आईच्या हनुवटीवर.

"कान टाकून बुटावर का गेलं?" अप्पांनी विचारलं. आवाजात वर्ग होता.

"जवळचा रस्ता, अप्पा. पेन उचलून कमीत कमी फिरायला लागावं म्हणून."

"म्हणजे हा कान आहे हे त्याला माहीत नाही."

"नाही."

"आणि बूट?"

"तोही नाही."

अप्पांनी स्टूल ओढलं आणि बसले. मार्कर हनुवटीवरून निघून एका भुवईवर गेला, भुवईवरून दादाच्या गुडघ्यावर, गुडघ्यावरून माझ्या दुपट्याच्या घडीवर. आणि कुणाला काही कळायच्या आत विखुरलेल्या सगळ्या रेघांनी एकमेकींना ओळखलं. टेबलावर आम्ही उभे होतो. दादाची ती सोज्वळ, खोटी नजरसुद्धा आली होती.

"आणि तरी," अप्पा म्हणाले. वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. अप्पांनी अर्धवट सोडलेलं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

"माझं नाक एवढं नव्हतं," आई म्हणाली आणि तिने थर्मासच्या झाकणात चहा ओतला.

शाई वाळेपर्यंत चहा झाला. मग शीट उलटायची वेळ आली, आणि दादा पुढे झाला. हे काम त्याचं होतं. अप्पांच्या देखत करायचं होतं. त्याने शीट खुंट्यांवरून अलगद सोडवली, डावी कड धरली, एखाद्या राजवाड्याचं दार उघडावं तशी गोल फिरवून उलटी केली आणि चारही खुंट्यांवर ठक ठक बसवली. बसली. चपखल. वहिनी पिवळा मार्कर लावण्यात गुंतली होती. बटण दाबलं. पिवळ्या रेघा अंगणाच्या कडेने पडू लागल्या. दुधी शीटमधून खालचं चित्र धूसर दिसत होतं, जणू आम्ही पाण्याखाली उभे आहोत.

अप्पा स्टुलावरून पुढे वाकले.

"थांबव."

"अप्पा, आत्ता कुठे सुरुवात..."

"थांबव म्हणतो ना! ऊन माझ्या तोंडावर येतंय!"

दादाने लाल बटणावर थाप मारली. मशीन जागच्या जागी गोठलं. खरंच, पिवळ्या रेघा खालच्या अप्पांच्या कपाळावरून निघून थेट नाकावर पोचल्या होत्या. आणि जिथे आमचे पाय, तिथे चार डोक्यांसाठी जागा सोडलेली. मागच्या बाजूचं कुटुंब खाली डोकं वर पाय येऊ घातलं होतं.

वहिनीने शीटकडे पाहिलं, मग दादाकडे. "अहो, तुम्ही डावीकडून उजवीकडे उलटली?"

"मग कशी उलटणार?"

"वरची कड खाली! मी फाइल तशी केली आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटतो तशी."

"दार कधी कुणी डोक्यावरून उलटतं का?" दादा म्हणाला.

"हे दार नाहीये."

"बिजागरी बाजूलाच असते गं! जन्मभर..." चार भोकं सारख्या अंतरावर असल्यामुळे शीट दोन्ही रीतींनी बसत होती, त्यामुळे खुंट्यांनीही दगा दिला. दादा खाली फरशीकडे बघत उभा राहिला, वर्गात अप्पांपुढे वही घेऊन उभा असायचा तसा. आता अप्पा काय म्हणणार हे शेडमधल्या सगळ्यांना माहीत होतं. रेघ सरळ होती, पण गाढव...

अप्पा उठले. त्यांनी दादाकडे पाहिलंच नाही. ते शीटवर वाकून बघत होते.

"पुसतं का हे?"

माझ्या आयुष्यात माझी एवढी गरज कुणाला लागली नव्हती. मी बाटली पुढे केली. वहिनीने कापसाने पिवळं पुसायला घेतलं, अप्पांनी दुसरा बोळा घेतला आणि स्वतःच्या तोंडावरचं ऊन स्वतः पुसलं. मग त्यांनी शीटचे दोन कोपरे धरले.

"थोरल्या, तू तिकडून धर. वर घे. हां. माझ्याकडे आण. डोक्यावरून."

दोघांनी मिळून ती उलटली. समोरासमोर, हात वर करून, मधे ते पातळ दुधी प्लास्टिक. एक क्षणभर मला दोघांच्या फक्त सावल्या दिसल्या, आणि कुठली कुणाची ते कळेना. मग शीट खाली आली. अप्पांनी अंगठ्याने एकेक खुंटी चाचपून बघितली.

"आता लाव."

पिवळं ऊन अंगणभर पसरलं आणि आमच्या कडांशी येऊन थांबलं. खालची रेघ आणि वरची रेघ यांच्यामध्ये काही उरलंच नाही. मार्कर कमी-जास्त होत नव्हता, कचरत नव्हता, त्याला खाली कुणी आहे हे ठाऊकच नव्हतं, आणि तरी तो आमच्याभोवती एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसासारखा फिरत होता. अंबाडा आला. टक्कल आलं. बेचकी आली. सगळ्यात शेवटी खांद्यावरून बघणारा मी आलो, तोंड उघडं टाकून. इतका वेळ मी तसाच उभा होतो हे मला तेव्हा कळलं.

"उजेडात धरा," अप्पा म्हणाले.

दादा आणि वहिनीने शीट शेडच्या मोठ्या दारात नेली आणि उभी धरली. बाहेरून उतरतं ऊन होतं. ते शीटमधून आत आलं, आणि पुढचे आणि मागचे आम्ही एक झालो.

हे कसं सांगावं कळत नाही. सालस मुलाच्या पोटातून बेचकी दिसत होती. आईच्या खांद्यात माझा चेहरा उगवला होता. अप्पांच्या कपाळामागे त्यांचं टक्कल वाट बघत होतं. कागदावरच्या माणसांना जाडी नसते. या माणसांना होती. आणि त्यांच्या मागे, जिथे वहिनीने निळं दार काढलं होतं आणि पाठीमागून पिवळं ऊन भरलं होतं, तिथे दार हिरवं झालं होतं. हिरवा मार्कर कुणी हातातही घेतला नव्हता. तो आमच्याकडे नव्हताच.

"अगं बाई," आई म्हणाली, "आपलं दार!"

दादाने कडेवरून मान वाकवून बघितलं.

"हिरवंच होतं की आपलं दार," आई म्हणाली. "मीच रंग निवडला होता."

"पुढून निळं, मागून पिवळं," अप्पा हळू आवाजात म्हणाले. "खिडकीत लावलं की हिरवं. लावलं त्या दिवशी दिसलं होतं. मग उडालं."

"आम्हाला कधी बोलला नाहीत," दादा म्हणाला.

"उडालेल्या रंगाचं काय बोलायचं?" अप्पा दारापाशी गेले, शीटच्या अगदी जवळ. त्यांच्या चेहऱ्यावर हिरवा उजेड पडला. "तुला कसं कळलं?"

"काय?"

"हे. हिरवं."

दादा जगात कुणाशीही खोटं बोलू शकला असता, आणि ही त्यासाठी उत्तम वेळ होती. "नव्हतं कळलं," तो म्हणाला. "कडेला होते तेच रंग भरले."

अप्पांनी मान हलवली. ते बराच वेळ शीटसमोर उभे राहिले. वहिनीचे हात भरून आले. तिने मला खुणावलं आणि मी बाटली ठेवून तिची बाजू धरली. दादा दुसरी बाजू धरून अप्पांच्या तोंडाकडे बघत होता. बरं आहे. एवढे दोनच शब्द. मीसुद्धा मनातल्या मनात अप्पांना ते सुचवत होतो.

"हे पुन्हा काढेल?" अप्पांनी विचारलं.

"काय?"

"हेच. अस्संच. पुन्हा."

"काढेल की," दादा म्हणाला. "शंभर वेळा काढेल."

"शंभर नको. एकदा काढ."

वहिनीने नवी शीट लावली. अप्पांनी स्टूल टेबलाला चिकटवून घेतलं आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले, पहिल्या बाकावरच्या मुलासारखे. या वेळी त्यांना क्रम थोडा ठाऊक झाला होता. "आता कान," ते पुटपुटत. "आता बूट जाईल बघ. गेला!" मार्कर त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बुटावर गेला की ते आमच्याकडे वळून बघत, जणू त्यांनीच पाठवला. एकदा तर ते मशीनला "शाबास, बाळा" म्हणाले. दादाला बाळ म्हटल्याचं आईलाही आठवत नाही. पण दादाला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. तो अप्पांच्या मागे उभा राहून, मशीनकडे न बघता, अप्पांच्या बघण्याकडे बघत होता. मला वाटतं, सबंध शेडमध्ये त्या दिवशी सगळ्यांत जास्त दिसलं ते त्याला.

आता अप्पा रोज सकाळी शेडमध्ये जातात, स्टुलावर बसतात आणि काहीतरी काढायला लावतात. दारांची कामं बरीच मागे पडली आहेत. दारांची एखादी ऑर्डर तरी वेळेत जावी म्हणून परवा दादाने शेडच्या दाराला आतून कडी बसवून घेतली.